आधी यादी, मग मत
(लालबाग-परळ भागातील चाळकऱ्यांच्या सभेत केलेले भाषण)



निवडणूक आली की तुमच्या जिन्यावर पुढाऱ्यांची रीघ लागते. कुणी हात जोडतो, कुणी म्हाताऱ्या आईच्या पाया पडतो, कुणी पोराला कडेवर घेऊन फोटो काढतो. निकाल लागला, गुलाल धुतला गेला, की त्या जिन्याचा तुटका कठडासुद्धा पुन्हा कुणाला दिसत नाही. म्हणून विधानसभेची निवडणूक दाराशी नसताना आम्ही ही सभा मुद्दाम बोलावली आहे. आज आम्ही तुमच्याकडे कुणासाठी मत मागायला आलो नाही. तुमचे मत शाबूत आहे की नाही, एवढेच विचारायला आलो आहोत.

तुम्ही म्हणाल, हे काय विचारणे झाले? मत म्हणजे काय खुंटीवरची टोपी आहे, हरवायला? अहो, हरवते! न कळता हरवते, आणि ऐन मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात उभे राहिल्यावर कळते. तेव्हा कळून उपयोग काय?

प्रथम थोडा हिशेब पाहू. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले. त्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. तेव्हा मतदान झाले सुमारे ६० टक्के. त्यानंतर रस्ते झाले, वीज आली, घरोघर शाळा शिकलेली पोरे झाली, मताचे वय २१ वरून १८ वर आले (ते १९८९ साली), कागदी मतपत्रिका जाऊन यंत्र आले. आणि २०१९ च्या विधानसभेला मतदान किती झाले? सुमारे ६१ टक्के! सत्तावन्न वर्षांत एक टक्क्याची कमाई. मध्ये चढउतार झाले हे खरे. १९९५ साली ते ७१ टक्क्यांच्या वर गेले होते, आणि २०२४ साली ६६ टक्के झाले. पण ६६ म्हणजे तरी काय? यादीतल्या दर तीन माणसांतला एक जण आलाच नाही. ९ कोटी ७० लाखांची यादी. तिच्यातले तीन कोटींहून जास्त लोक त्या दिवशी केंद्रावर नव्हते. कुठे होते ते?

मुंबईचेच बघा. इथून लोकलने अर्ध्या तासात तुम्ही चर्चगेटला पोचता. तिथून चालत गेले की विधानभवन. राज्याचे कायदे जिथे होतात ती इमारत कुलाबा मतदारसंघात उभी आहे. हुतात्मा चौकही त्याच बाजूला. त्या कुलाब्यात २०१९ साली मतदान झाले सुमारे ४० टक्के, आणि २०२४ साली सारा गाजावाजा होऊनसुद्धा ४५ टक्क्यांच्या आतच राहिले. आता दुसरे टोक पाहा. गडचिरोली जिल्हा. तिथे मतदानाची कर्मचारी मंडळी काही ठिकाणी हेलिकॉप्टरने न्यावी लागतात. बंदोबस्तासाठी मतदान सकाळी ७ ला सुरू होऊन दुपारी ३ ला बंद होते. आपल्याकडे संध्याकाळी ६ पर्यंत मुदत असते. म्हणजे त्यांना तीन तास कमी. नदी-नाले ओलांडून, कोस-कोस चालून ते लोक येतात, आणि २०२४ साली तिथे ७३ टक्क्यांवर मतदान झाले. कोल्हापूरच्या करवीरमध्ये तर सुमारे ८५ टक्के!

मग वर्तमानपत्रवाले लगेच लिहितात, मुंबईकर आळशी. सुट्टी मिळाली की लोणावळा गाठतो. असेल, काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. गच्चीवर बसून देशाच्या दशेवर तासभर बोलणारे आणि केंद्रापर्यंत दहा मिनिटे चालायला कंटाळणारे सद्गृहस्थ आम्हीही पाहिले आहेत. त्यांना आमचा नमस्कार. पण साऱ्या शहराला आळशी म्हणून मोकळे होणे हे काम न करण्याचे सोपे निमित्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. टक्केवारी यादीवर काढतात, माणसांवर नाही. यादीच कुजलेली असेल तर टक्का कसा खरा असणार?

तुमच्याच चाळीचे घ्या ना. गिरणीच्या भोंग्यावर जगणारा हा भाग. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. माणसे गेली कुठे? कुणी विरारला, कुणी बदलापूर-डोंबिवलीला, कुणी गावी परत. चाळ पाडून टॉवर झाला, मूळचे लोक संक्रमण शिबिरात गेले. त्यातले काही परत आले, काहींची पोरे तिथेच मोठी झाली. पण यादीत? यादीत ती चाळ अजून उभी असते! तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब जसेच्या तसे राहते, वारलेल्या म्हाताऱ्यासकट. उलट तीन वर्षांपूर्वी भाड्याने आलेला, रोज तुमच्याबरोबर पाण्याच्या लाइनीत उभा राहणारा माणूस त्या यादीत नाही. जो आहे तो यादीत नाही, आणि जो यादीत आहे तो इथे नाही. टक्केवारी काय खाक सुधारणार?

आणि आम्हां मुंबईकरांची आणखी एक गंमत आहे, ती इथे बोललीच पाहिजे. "आमचं नाव गावाला आहे" असे सांगणारे या सभेत किती आहेत? हात वर करू नका, पण मनात म्हणा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, पुणे जिल्ह्यांतल्या गावांत नाव ठेवायचे, कारण तिथे घर आहे, देव आहे, भावकी आहे. राहायचे मात्र इथे. पाणी इथले, गटार इथले, पोराची शाळा इथली, आणि मत तिकडे. बरे, तिकडे तरी जाता काय? उमेदवाराने गाडी पाठवली तर. कायदा म्हणतो, जिथे नेहमीचे राहणे तिथे नाव, आणि एकाच ठिकाणी नाव. दोन्हीकडे ठेवणे हा तर गुन्हाच. गावाची ओढ आम्हांला समजते. पण पाच वर्षे ज्या आमदाराकडे पाण्यासाठी तक्रार घेऊन जाल त्याला निवडण्यात तुमचा हात नसेल, तर तो तुमचे का ऐकेल?

गाडीचा विषय निघाला म्हणून आता शहर सोडून जरा मराठवाड्याकडे चला. कारण मत हरवण्याचा याहून मोठा आणि याहून दुःखाचा प्रकार तिथे आहे.

बीड, जालना, परभणी, पाथर्डीकडचा दुष्काळी मुलूख. दसरा-दिवाळी झाली की तिथली लाखो माणसे बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रकात संसार भरून ऊस तोडायला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव नाही, हत्याराचे नाव! मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे, नाही तर पार कर्नाटकात पहाटेपासून ऊस तोडायचा, पाचटाच्या कोपीत राहायचे. आता तारखा बघा. २००४ ची विधानसभा १३ ऑक्टोबरला झाली, २००९ ची १३ ऑक्टोबरला, २०१४ ची १५ ऑक्टोबरला, २०१९ ची २१ ऑक्टोबरला. तोपर्यंत बहुतेक टोळ्या गावात असत. २०२४ ला मतदान ठरले २० नोव्हेंबरला, आणि गाळप हंगाम ठरला १५ नोव्हेंबरपासून! मध्ये पाच दिवस. टोळी निघाली असेल तर मत गेले. थांबली तर मुकादम दारात. विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते, म्हणजे पुढची निवडणूक वेळेवर झाली तर तीही ऊसतोडीच्याच दिवसांत येण्याचा संभव आहे.

मग असा माणूस मतदानाला येतो कसा? कुणीतरी गाडी पाठवतो. गाडी कोण पाठवतो? ज्याला मत पाहिजे तो. शे-दोनशे कोसांवरून रात्रीचा प्रवास, वाटेत जेवण, वर मोडलेल्या दिवसाची मजुरी. हे सारे ज्याने दिले त्याच्या गाडीतून उतरून दुसऱ्याच्या नावापुढचे बटण दाबायला किती काळीज लागते, याचा विचार करा! आम्ही त्या मजुराला दोष देत नाही. मत गहाण टाकायला लावणारी ही उचलच आहे, फक्त ती उसाची नाही. तुम्ही म्हणाल, मतदान गुप्त असते. असते, एका माणसाचे मत कळत नाही. पण यंत्रांची मोजणी केंद्रावार होते, कोणत्या केंद्रावर कुणाला किती मते पडली याचा तक्ता बाहेर येतो. कागदाच्या काळात पुढे पुढे सगळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजत, ती आड आता राहिली नाही. वस्ती लहान असली, केंद्रावर सातआठशे मते असली, की मुकादमाला बोटावर हिशेब करता येतो. वस्तीला मग सांगतात, "आम्हांला सगळं कळतं बरं का." एवढ्या वाक्याने काम भागते.

आणि कायद्याला माणसाच्या दारी जाता येत नाही असे थोडेच आहे! सरहद्दीवरच्या जवानाला टपालाने मत देता येते. मतदान घेणाऱ्या कर्मचाऱ्याला टपालाने देता येते. २०२४ साली ८५ वर्षांवरच्या वृद्धांच्या आणि अपंगांच्या घरी मतपत्रिका घेऊन कर्मचारी गेले; उत्तम झाले. मग साखर कारखान्याच्या तळावर चार महिने एका जागी असलेल्या हजारो मजुरांसाठी काय? निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदानाच्या यंत्राचा नमुना पुढे आणला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल, असे ते होते. राजकीय पक्षांना बोलावले, शंका निघाल्या, आणि ते तिथेच राहिले. शंका खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. यंत्राबद्दल शंका घेणे हा मतदाराचा हक्कच आहे. पण यंत्र नको तर नको, निदान मतदान झाल्यावर हंगाम सुरू करा, किंवा मजुराला सरकारी एसटीने गावी आणा आणि परत पोचवा! उमेदवाराची गाडी आणि सरकारची गाडी यांत फरक एवढाच की सरकारच्या गाडीतून उतरताना मान खाली घालावी लागत नाही.

"पण एका मतानं होणार काय?" हा प्रश्न तर प्रत्येक जिन्यावर भेटतो. २००४ साली कर्नाटकात संतेमरहळ्ळीला विधानसभेचा निकाल एका मताने लागला. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला एकाला ६२,२१६ आणि दुसऱ्याला ६२,२१५ मते पडली. हरलेला उमेदवार त्या राज्यातल्या आपल्या पक्षाचा अध्यक्ष होता. लांबचे नको असेल तर घरचे घ्या. २०२४ साली मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी. १६२ मते म्हणजे किती? तुमच्या दोन चाळींत याहून जास्त सापडतील.

आणि हे मत आपल्याला कुणी दान म्हणून टाकलेले नाही. इंग्रजी अमलात कर भरणारा, जमीनवाला, शिकलेला यांनाच मत असे. प्रत्येक प्रौढाला मत द्या, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मांडली, तेव्हा भले भले हसत होते. अडाण्यांना मत कशाला म्हणत होते. पुढे ते राज्यघटनेत आले. १९५१-५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा काय घडले? सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. यादी करणारे घरोघर गेले तर बाया स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. सेनांनी ठरवले, स्वतःचे नाव नाही तर यादीत जागा नाही. सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या, मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थानाकडच्या. कठोर वाटते, पण पुढच्या वेळी त्या बाया नाव सांगायला शिकल्या. त्याच बिहारात नोव्हेंबर २०२५ च्या विधानसभेला बायकांचे मतदान ७१ टक्क्यांवर गेले आणि पुरुषांचे ६३ च्या आतच राहिले!

बिहारचे नाव निघालेच आहे तर यादीबद्दल आणखी एक गोष्ट तिथूनच शिकावी. त्या निवडणुकीपूर्वी आयोगाने यादीची नव्याने छाननी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रारूप यादी लागली तेव्हा सुमारे ६५ लाख नावे गळाली होती. मेलेले, गेलेले, दुबार, असे आयोगाने सांगितले. जिवंत आणि इथेच असलेलेही गळाले, असा आरडाओरडा झाला. सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की गळालेली नावे कारणासह जाहीर करा. मग मतदान झाले ६७ टक्क्यांच्या आसपास, त्या राज्यातला उच्चांक. लोक अधिक आले हे खरेच. पण यादी आखूड झाली की टक्का आपोआप फुगतो, हेही खरे. म्हणून नुसत्या टक्क्याने भुलू नका. आधी विचारा, यादीत कोण आहे आणि कोण नाही.

आपल्याकडे उलटे झाले. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्राची यादी सुमारे ९ कोटी ३० लाखांची होती, सहा महिन्यांत विधानसभेला ती ९ कोटी ७० लाखांची झाली. त्यावर मोठा वाद माजला. विरोधी पक्षांनी संशय घेतला, आयोगाने तो फेटाळला. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. आम्ही फक्त एवढे विचारतो की प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीची मुदत असते. त्या मुदतीत आपल्या चाळीची पाने उघडून कुणी वाचली? एका पक्षाने नाही, दुसऱ्याने नाही, तुम्ही नाही. मग निकालाच्या दिवशी यादीला शिव्या देऊन काय होते?

जुन्या माणसांनी या भागात वेगळे पाहिले आहे. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये याच मुंबईत गोळीबार झाला, माणसे पडली. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. आणि १९५७ ची निवडणूक आली तेव्हा लोकांनी राग मतपेटीत ओतला. द्विभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांपैकी काँग्रेसने २३४ घेऊन सरकार राखले हे खरे, पण ते गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या आधारावर. पश्चिम महाराष्ट्रात समितीने तिचे पानिपत केले. तीन वर्षांनी राज्य द्यावे लागले. मोर्चे झाले, बलिदान झाले, सत्याग्रह झाले. पण दिल्लीला आकड्यांची भाषा समजते, आणि ते आकडे मतपेटीतून निघाले.

काही तरुण म्हणतात, "आम्हांला कुणीच पसंत नाही." ठीक. २०१३ पासून यंत्रावर 'नोटा'चे बटण आहे. २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, २७ हजारांवर मते! मात्र हेही समजून दाबा की नोटाला सर्वांत जास्त मते पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. राग दिसतो, जागा रिकामी राहत नाही. तरी घरी बसण्यापेक्षा ते बरे. घरी बसलेल्याचा राग कुठेच मोजला जात नाही.

आता कामाचे. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर, या चारही महिन्यांच्या १ तारखेला १८ पुरी करणाऱ्या पोराला आता नाव घालता येते. वर्षभर थांबायला नको. नवे नाव घालायला नमुना ६, घर बदलले किंवा नावात चूक असली तर नमुना ८, मेलेल्याचे किंवा निघून गेलेल्याचे नाव काढायला नमुना ७. हा ७ नंबर जपून. शेजाऱ्याशी नळावर भांडण झाले म्हणून त्याचे नाव उडवायचा तो कागद नव्हे. खोटे लिहून दिले तर गुन्हा होतो. लग्न होऊन आलेल्या सुनांकडे विशेष लक्ष द्या. माहेरच्या यादीत नाव राहते, सासरच्या यादीत येत नाही, आणि दोन्ही गावांना ती मतदार म्हणून उपयोगाची राहत नाही. सासूबाईंनी हे काम अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

मतदानाच्या दिवशी मालकाने पगारी सुट्टी द्यायची असते, रोजंदारीवाल्याचाही रोज कापायचा नसतो, कायदा आहे. दंड मात्र ५०० रुपयांपर्यंत! ५०० रुपयांना कोणता मालक भितो? तेव्हा एकट्याने मागू नका, दुकानातल्या, कारखान्यातल्या दहा जणांनी आठ दिवस आधी मिळून मागा. संध्याकाळी ६ च्या ठोक्याला जो रांगेत उभा आहे त्याला चिठ्ठी मिळते आणि त्याचे मत घ्यावेच लागते, मग आठ वाजोत. "वेळ संपली" म्हणून कुणी हाकलले तर हलू नका. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेला असेल तर रडत परत फिरू नका. ओळख पटवा, केंद्राध्यक्षाकडे मत मागा. तो कागदी मतपत्रिका देतो आणि ती वेगळ्या पाकिटात जाते. मोजणीत ती धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेले तर तीच साक्ष देते.

पाकिटाचे दोन शब्द. पैसे घेऊन मत दुसऱ्याला द्या, असा शहाणपणा काही लोक सांगतात. आम्हांला तो पटत नाही. कायद्याने घेणाराही गुन्हेगार आहे हे सोडाच. पण ज्याने पाचशे दिले त्याने तुमची पाच वर्षे दिवसाला चार आण्याहून थोड्या जास्त भावाने विकत घेतली असे तो समजतो, आणि तक्रार घेऊन गेलात की तो हिशेब तोंडावर फेकतो.

या भागाच्या यादीची पाने छापून आम्ही इथे बाकावर ठेवली आहेत, यादीभागाप्रमाणे गठ्ठे लावून. सभा संपली की लगेच उठू नका. प्रत्येक चाळीतून एक बाई आणि एक पुरुष पुढे या, आपल्या चाळीचा गठ्ठा घ्या आणि येत्या रविवारी सकाळी चाळीच्या चौकात तो मोठ्याने वाचा, खोलीवार. वारलेल्याच्या नावापुढे फुली, गेलेल्याच्या पुढे गोल, नसलेल्यांची नावे मागच्या कोऱ्या बाजूला. संक्रमण शिबिरात गेलेल्यांचे पत्ते ज्यांना ठाऊक असतील त्यांनी तेही लिहावेत. पुढच्या आठवड्यात बीएलओंना गाठून सगळे नमुने एकदम द्यायचे आणि प्रत्येकाची पोच घ्यायची. पेन्सिली कमी आहेत. ज्यांच्या खिशात असतील त्यांनी इकडे द्याव्यात.